अकराव्या गाण्यातलं हसू

त्या शनिवारी रॉलिन्सच्या सलूनमध्ये तोंड उघडून नाडीनला मिळण्यासारखं काय होतं? फार तर बाकड्यावरच्या सहा पुरुषांची कुरकुरत दिलेली दाद, आणि पुढच्या शनिवारी फुकटची एक तिखट पॅटी. गमावण्यासारखं मात्र पुष्कळ होतं. तिचे अर्धेच केस कापून झाले होते आणि मशीन रॉलिन्सच्या हातात होतं.

तरीही ती बोललीच.

"थांबा, थांबा... गाणं का बंद केलंत?"

रॉलिन्सने दर शनिवारप्रमाणे दहावं गाणं संपताच तबकडीवरची सुई उचलून बाजूला ठेवली होती. आजवर कुणी त्याला 'का' म्हणून विचारलं नव्हतं. ही बाई तर पहिल्यांदाच आलेली! तिचा नेहमीचा न्हावी गाव सोडून गेला, बाहेर एप्रिलची भुरभुर सुरू झाली आणि काचेतून एक रिकामी खुर्ची दिसली, एवढ्या भांडवलावर ती आत शिरली होती.

सलूनच्या या रस्त्यावर, नॉस्ट्रँड अव्हेन्यूवर, त्या अल्बमला खऱ्या नावाने कुणी हाक मारत नाही. कव्हरवर दोन पोरं घराच्या पायऱ्यांवर बसलेली आहेत, म्हणून तो 'पायऱ्या'. गाणारी तीच दोघं, पलीकडच्याच गल्लीतली. चौऱ्याण्णव साली आलेली ती अकरा रॅप गाणी इथल्या माणसांना स्वतःच्या फोन नंबरासारखी पाठ आहेत, आणि वीस वर्षांत भांडण काही मिटलेलं नाही. दोघांत थोर कोण, कोणतं कडवं भारी... रॉलिन्सकडे त्या भांडणाचेही नियम होते. आधी खुर्चीतल्याने बोलायचं, मग बाकड्याने. रॉलिन्स मोठ्याने घसा खाकरणार आणि निकाल देणार. हरेल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी पॅट्या आणायच्या.

"अल्बम दहा गाण्यांचाच आहे, मॅडम," दुसऱ्या खुर्चीमागून आवाज आला. रॉलिन्सचा मुलगा कॉर्नेल. उंच, हातात कंगवा, आणि चेहऱ्यावर वाद आधीच जिंकल्याचा आनंद. "अकरावं म्हणजे पाहुणे निघाले की दारात मारतात ना, तसल्या गप्पा."

"खऱ्या गप्पा दारातच होतात," नाडीन म्हणाली.

बाकड्यावर कुणीतरी शीळ घातली.

"आणि त्या हसण्याचं काय?"

"कसलं हसणं?"

"शेवटी पियानो एकटा उरतो ना... तेव्हा कुणीतरी घसा खाकरतं, आणि मग एक बाई हसते. दहा गाणी ती दोघं जगावर दात-ओठ खातात, आणि शेवटी कुणीतरी हसून त्यांना घरात घेतं. त्या हसण्यासाठी तर बाकीचं ऐकायचं!"

"पोरी," निवृत्त पोस्टमन ओटिस बाकड्यावरून म्हणाला, "जन्म गेला माझा हे ऐकण्यात. त्या गाण्यात बाईच नाही."

"आहे."

"नाही."

"लावून बघा की!"

"माझ्या दुकानात दहाच," रॉलिन्स म्हणाला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. मग घसा खाकरला. "पुरावा घेऊन ये. पुढच्या शनिवारी."

केस झाल्यावर ती बाहेर आली, तर कॉर्नेल छपराखाली उभा. हातात फोन, आणि इयरफोनची एक बाजू तिच्यापुढे धरलेली.

"दुकानात नाही म्हणाले ना ते? हा फुटपाथ आहे."

एक कान त्याचा, एक तिचा. तार आखूड होती, त्यामुळे जवळ उभं राहावं लागलं—ती आणखी जवळ का सरकली, त्याला मात्र तारेचं कारण देता येणार नाही. त्याच्या अंगाला दाढीच्या साबणाचा वास होता. अकरावं गाणं सुरू झालं. पियानो एकटा उरला. नाडीनने श्वास रोखून बोट वर केलं—आत्ता...

काहीच नाही. पियानो विरत गेला आणि संपला.

"असं कसं..." तिचा चेहरा पडला. "माझ्या कॅसेटवर आहे. लहानपणापासून ऐकतेय मी."

कोपरखळी मारायची इतकी सोपी संधी कॉर्नेल एरवी सोडणारा नव्हता. पण तिच्या पापण्यांवर पाऊस होता... की पाऊस नव्हता... त्याने इयरफोन गुंडाळून खिशात टाकला.

"मग कॅसेट आण. मला ऐकायचीय."

*

नाडीन बस चालवायची, नॉस्ट्रँडवरून थेट समुद्राकाठच्या शीप्सहेड बेपर्यंत. मंगळवारी सकाळी दार उघडलं तर स्टॉपवर कॉर्नेल.

"तू? कुठे निघालास?"

"शेवटच्या स्टॉपला."

"तिथे काय आहे?"

"माहीत नाही. कधी गेलोच नाही."

"पिवळ्या रेषेच्या मागे उभा राहा. चालकाशी बोलायला मनाई आहे."

"मी तुझ्याशी बोलतच नाहीये. या मावशींशी बोलतोय." पुढच्या सीटवरच्या बाईंकडे वळून तो म्हणाला, "मावशी, पाचव्या गाण्यातलं दुसरं कडवं अख्ख्या अल्बममध्ये भारी. हो की नाही?"

"मावशी, त्यांना सांगा," नाडीनने आरशात बघून म्हटलं, "पाचवं गाणं ज्यांना भारी वाटतं, त्यांनी चौथं नीट ऐकलेलं नसतं."

मावशींनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला पुढच्या स्टॉपला उतरायचं होतं," त्या म्हणाल्या, "पण जाऊ दे, बसते अजून थोडा वेळ."

बुधवारी तो पुन्हा आला. गुरुवारीही. सलून दहाला उघडायचं, म्हणजे या प्रवासापायी माणूस सहाला उठत होता. नाडीनने हे मनातल्या मनात टिपून ठेवलं. आरसा मागची गर्दी बघायला असतो. त्या आठवड्यात तो जरा डावीकडे कललेला होता.

शेवटच्या स्टॉपवर बस सात मिनिटं थांबते. गुरुवारी गाडी रिकामी झाल्यावर तो पिवळी रेष ओलांडून पायरीवर बसला.

"बाबा अकरावं गाणं घरीही लावू देत नाहीत," तो म्हणाला. "आई होती तेव्हा लावायचे. मी दहा वर्षांचा असताना ती गेली. फोटो आहेत तिचे खूप. आवाज कुठेच नाही. ती हसायची कशी, तेच मला आठवत नाही, नाडीन. बाबांना विचारलं की एकच शब्द. 'जोरात.'"

नाडीनने स्टिअरिंगवरचा हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवला.

"आणि इथे तू. एका परक्या बाईच्या हसण्यासाठी सहा जणांशी भांडलीस. म्हणून येतो मी या बसमध्ये."

"मला वाटलं, माझ्यासाठी येतोस."

"ते... दुसऱ्या नंबरचं कारण."

"पहिल्या नंबरवर यायला किती स्टॉप लागतील?"

कॉर्नेलला उत्तर सुचलं नाही. नॉस्ट्रँडवर या घटनेची नोंद व्हायला हवी होती, पण साक्षीदार नव्हता.

*

शनिवारी बाकड्यावर जागा उरली नव्हती. नाडीनने पर्समधून हातरुमालात बांधलेली कॅसेट काढली. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर हिरव्या शाईत फक्त 'पायऱ्या' लिहिलेलं.

"मूळची कॅसेट नाही ही!" ओटिस ओरडला. "कुणीतरी भरून दिलेली आहे. हा कसला पुरावा?"

"मामाने रस्त्यावरच्या टेबलावरून घेतली होती," नाडीन म्हणाली. "आम्हाला दुकानातली कुठून परवडणार? आईबाबा वेगळे झाले त्या वर्षी मी मामाकडे होते. रोज झोपताना मी ही ऐकायची, त्या हसण्यापर्यंत. मग झोप लागायची."

हिरवी शाई पाहून रॉलिन्सचा हात मशीनवर थांबला होता. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कॉर्नेल मागच्या कपाटातून दोन कॅसेटींचा जुना डेक काढून धूळ झटकत होता. रीळ सैल झालं होतं. त्याने पेन्सिल घालून ते हळूहळू गुंडाळलं—वीस वर्षांचं रीळ, तुटलं तर तुटलं. नाडीन त्याच्या बोटांकडे बघत राहिली.

अकरावं गाणं सुरू झालं तसा रॉलिन्स पुढे झाला, बटणाकडे.

"रॉलिन्स, नियम तुझाच आहे," ओटिस म्हणाला. "पुरावा आणलाय. ऐकायला लागेल."

हात हवेतच राहिला.

पियानो एकटा उरला. आणि मग—कुणीतरी मोठ्याने घसा खाकरला.

बाकड्यावरच्या सगळ्या माना रॉलिन्सकडे वळल्या. निकाल इतक्यात? पण रॉलिन्सचे ओठ घट्ट मिटलेले होते. खाकरणं कॅसेटमधून आलं होतं... आणि ते त्याचंच होतं.

मग ती हसली. आधी नाकातल्या नाकात दाबलेलं, मग दाबता न आलेलं, शेल्फावरून पातेली एकामागून एक पडावीत तसं, आणि शेवटी एक उचकी. खट्. रीळ थांबलं.

पेन्सिल कॉर्नेलच्या हातातून कधी पडली, त्याला कळलं नाही.

रॉलिन्स आपल्याच खुर्चीत बसला. त्या खुर्चीत त्याला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"कोरीन," तो म्हणाला. "तुझी आई, पोरा."

तोच पुढे बोलत राहिला, आरशाकडे बघून.

"तेव्हा मी बाहेर टेबल टाकून कॅसेटी विकायचो. स्वयंपाकघरात बसून भरायचो. वाटलं, शेवटी आपलं नाव घालावं. रेडिओवाल्यांसारखं, भारदस्त आवाजात. माईक लावला, घसा खाकरला... आणि ती हसली. म्हणे, राष्ट्राध्यक्ष बोलणार वाटतं! मी चिडून माईकच काढला. कॅसेट फेकून द्यायला हवी होती. पण कोरी कॅसेट काय फुकट येते? विकून टाकली." तो थांबला. "पुढच्या वर्षी ती गेली. मग त्या गाण्यात मला तेवढी एकच जागा ऐकू यायची. आणि ती रिकामी असायची."

एका कंजूष माणसाने कॅसेट वाया घालवली नाही, म्हणून एक हसू वीस वर्षं टिकलं. उधळ्या नवऱ्याला हे जमलं नसतं.

नाडीन उठली. डेकमधून कॅसेट काढून तिने ती रॉलिन्सच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली.

"ही तुमची," ती म्हणाली. ती काय देतेय, हे तिला नीट ठाऊक होतं. "माझं काम झालंय. आता मला झोप लागते."

*

रविवारी सलून बंद होतं. कॉर्नेलने तिला मागच्या खोलीत बोलावलं. डेकमध्ये एका बाजूला तिची जुनी कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी.

"तुला कॉपी भरून देतोय. बाबांनीच सांगितलं. अकरा गाणी, म्हणजे पाऊण तास बसावं लागेल."

"एवढा वेळ आपण करायचं काय?"

"भांडूया."

भांडणाने दहा गाणी भरली. अकराव्याला मात्र दोघं गप्प झाली. खोली लहान होती. पियानो एकटा उरला. रॉलिन्स खाकरला, कोरीन हसली, आणि कॉर्नेलने—कसं कोण जाणे—नाडीनचा हात हातात घेतला. मग बापासारखाच भारदस्त घसा खाकरला.

"नाडीन... मी असं म्हणत होतो की... म्हणजे तुझी हरकत नसेल तर... शेवटच्या स्टॉपपर्यंत... रोज..."

"काय रोज?"

"आवडतेस तू मला. झालं. पहिला नंबर. बाकी सगळी कारणं गेली खाली."

नाडीनला हसू आवरेना. "अरे, राष्ट्राध्यक्ष बोलणार वाटतं!" ती कशीबशी म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतच राहिली. तेव्हा तिला डेकवरचा लाल दिवा दिसला. माईक लावलेला होता.

"कॉर्नेल! चालू आहे हे!"

"माहितीय," तो म्हणाला. "माईक मीच लावलाय."

*

पुढच्या शनिवारी सलूनमध्ये पॅट्यांच्या तीन पिशव्या आल्या. पहिली नाडीनची, कारण ती म्हणत होती ते हसू मूळ अल्बममध्ये नव्हतं. दुसरी कॉर्नेलची, कारण अल्बम दहा गाण्यांवर संपत नव्हता. तिसरी रॉलिन्सने स्वतः आणली. का, ते त्याने सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

तबकडी लागली. दहावं गाणं संपलं. सुईकडे कुणाचाच हात गेला नाही.

पियानो एकटा उरला. ती रिकामी जागा आली, तसा रॉलिन्सने मोठ्याने घसा खाकरला. कॉर्नेलने नाडीनकडे पाहिलं, आणि तिला ते हसू काही दाबता आलं नाही.

सगळा हिशेब एवढाच, की हरले तिघं आणि पैसेही त्या तिघांनीच भरले. ओटिसने छदाम न देता चार पॅट्या खाल्ल्या, हात पुसले, आणि म्हणाला, "बरं बाबा. आहे त्या गाण्यात बाई."