दाजींचं माप

ग्लास खाली ठेव आधी, भाच्या. आणि तुम्ही बाकीचे मध्ये तोंड घालू नका. ही थाप नाही. ज्यांच्यासोबत हे घडलं ते मास्तर वीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर बसून कपडे शिवत होते.

मास्तरांचा एक मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला पहिला घोट पाजला मास्तरांनीच. पुढे त्याचं लिव्हर गेलं, पोटात पाणी भरलं. दर महिन्याला त्याच्या पँटची कंबर सोडायची आणि शर्टाच्या बाह्या आत घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, आता थेंबही नको. मास्तर म्हणाले, "घे रे, एका घोटानं कोण मेलंय?"

त्याच रात्री तो रक्त ओकून मेला.

पाच आठवड्यांनी, शुक्रवारी, रात्री साडेअकराला मास्तर दुकान बंद करत होते. बायकोचा फोन आला, "माझ्या भावाची नवी पँट तिथंच पडलीय ना? घेऊन या. त्याच्या पोराला लहान करून होईल."

मास्तरांनी खुंटीवरची पँट काढली. ओली होती.

"दाजी..."

आरशात मेहुणा. डोळे हळदीसारखे पिवळे. गळ्यात मास्तरांचाच टेप.

"माझं माप खूप घेतलंत. आज तुमचं."

मास्तरांना हलता येईना. टेप थंडगार. दंड... छाती... मग पोट. टेप पुढं सरकत राहिला... सरकतच राहिला...

"होईल, दाजी. होईल एवढं."

सकाळी मी आलो तर शटर अर्धं वर, मास्तर जमिनीवर. टेबलावर खडूनं लिहिलेलं: पोट शेहेचाळीस, दंड सात. मास्तरांचं पोट तेव्हा बत्तीस होतं हो! शुद्धीवर आले तेव्हा रात्रीचं सगळं सांगितलं त्यांनी. मी हात जोडले, "आता तरी दारू सोडा." ते ढसाढसा रडले, शपथ घेतली. संध्याकाळी हात कापायला लागले, कात्री धरवेना. म्हणाले, "दोनच घोट. हात स्थिर व्हायला."

दहा महिन्यांनी दवाखान्यात मला राहवलं नाही, टेप लावला. पोट शेहेचाळीस. दंड सात. मास्तर विचारत होते, "किती रे?"

मी टेप गुंडाळून खिशात टाकला... दुसऱ्या दिवशी गेले.

हसतोस? हस बाबा. आज सकाळी दुकान उघडलं. कुलूप जसंच्या तसं. टेबलावर ताजा खडू. बाही चोवीस, उंची एकोणतीस. तुझे शर्ट मीच शिवतो ना, भाच्या...

खाली पोटाचाही आकडा आहे. तीनदा ओलं फडकं मारलं. जात नाही.