जिवाणूंना केलेला आग्रह

द्राक्षाचा रस म्हणजे काही विष नव्हे. मग डोहातले मासे मेले कशाने? ऋजुता ओढ्याच्या काठावर उभी होती आणि पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. तिच्या हातून चुरमुरे खायला रोज वर येणारे हेच ते मासे.

"आबा, मी विष नाही हो घातलं," ती रडवेली होऊन म्हणाली.

आबा म्हणजे तिचे आजोबा, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ (डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा अभ्यास करणारे). ऋजुताच्या आईच्या वायनरीतलं (द्राक्षांची वाइन बनवण्याच्या कारखान्यातलं) सांडपाणी शुद्ध करणारी टाकी त्यांनीच बांधली होती. टाकीत कोट्यवधी जिवाणू राहायचे. ते पाण्यातली घाण खात आणि स्वच्छ पाणी ओढ्यात जाई. टाकीची राखण करायला घंगाळ्या होता. घंगाळासारखा गोल, तांबूस यंत्रमानव, आणि स्वभावाने भलताच कंजूष! पिंपं धुतलेलं गोड पाणी तो साठवणीच्या हौदात अडवून ठेवी आणि तिथून थेंबथेंब टाकीत सोडी.

ऋजुताला ते बघवेना. वायनरीला लागूनच असलेल्या आईच्या उपाहारगृहात पाहुण्याने नको म्हटलं तरी पानात आणखी एक पुरणाचा मांडा पडायचाच, आणि इथे बिचारे जिवाणू पावसाळ्यापासून अर्धपोटी! द्राक्षांचा हंगाम लागला आणि काल घंगाळ्या चार्जिंगला बसलेला बघून तिने हौदाच्या नळाची चावी पूर्ण फिरवली. "खा रे, पोटभर खा!" असंही ती म्हणाली होती.

"मग त्यांनी खाल्लं नाही का?" तिने विचारलं.

"खाल्लं ना, अधाशासारखं खाल्लं," आबा म्हणाले. "पण खाताना त्यांना श्वासही लागतो. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो, तो अगदी थोडा. साखर अचानक वाढली, हवा मात्र तेवढीच राहिली. जिवाणू गुदमरले. उरलेलं गोड पाणी तसंच ओढ्यात गेलं. तिथल्या जिवाणूंनीही त्यावर ताव मारला आणि ओढ्यातला प्राणवायू संपवला. माशांना श्वास घ्यायला काही उरलंच नाही."

ऋजुताने तोंड झाकून घेतलं. म्हणजे विषाची गरजच नव्हती. तिच्या मायेनेच त्यांचा जीव घेतला होता.

"सूचना मी तीनदा दिली होती," घंगाळ्या म्हणाला. "टाकी लहान पडते आहे. उपाहारगृहाचं तेलकट पाणीही हिच्यातच येतं."

"दिली होतीस," आबा खाली बघत म्हणाले. "मीच म्हणत राहिलो, पुढच्या हंगामात बघू. त्या हौदाला कुलूपसुद्धा लावलं नाही. पोरी, तू चावी फिरवलीस हे खरं, पण मीही काही कमी चुकलो नाही."

महिनाभर खोदकाम चाललं. तेल वेगळं काढणारा सापळा बसला. आधीच्या हौदापेक्षा मोठी समतोल टाकी (कमी-जास्त येणारं पाणी साठवून सारख्या धारेने पुढे सोडणारी) आली. जिवाणूंच्या टाकीत तळाशी हवा सोडणाऱ्या नळ्या घुरघुरू लागल्या. दुधाला विरजण लावावं तसा शेजारच्या सांडपाणी प्रकल्पातला जिवाणूंनी भरलेला गाळ आबांनी टाकीत ओतला. ऋजुता रोज घंगाळ्याबरोबर प्राणवायू मोजायची. जिवाणूंना आणखी घालावं असं तिला अजूनही वाटायचं, पण ती हात आवरायची.

शेवटी एका सकाळी घंगाळ्याने डोहातलं पाणी मोजलं. "माशांना पुरेल इतका प्राणवायू आहे," तो म्हणाला.

डोह नितळ होता, तळाचे गोटेही दिसत होते. पण हलत काहीच नव्हतं.

"मासे परत येतील, आबा?"

"पाऊस झाला की धरणातून वर चढतील. पण ते तुझे मासे नसतील."

ऋजुता काठावर टेकली. "मग इथे काय झालं होतं, ते त्यांना कळणारच नाही."

"नाही कळणार."

"मला माहीत आहे ना," ती हळूच म्हणाली. "मी लक्ष ठेवीन."