खिडकीकडचा पलंग

बोट संध्याकाळी सुटणार होती. तोवर लियानला पिनांगच्या बंदरात एकच काम होतं, मेलेल्या नवऱ्याचं तिकीट जाळायचं.

लियान ताईपिंगच्या बाजारात मासे कापायची. सुरीला धार होती, पण जिभेला त्याहून जास्त. नवरा हाक सेंग जन्मभर म्हणत आला, एकदा मोठ्या बोटीतून फिरायचं आपण. शेवटी तिनेच वैतागून बोटीतली खोली ठरवली, पैसे भरले, आणि हा गडी खाटेवर झोपल्या झोपल्या गेला. पैसे परत मिळेनात. त्यात चिनी पंचांगातला सातवा महिना लागलेला. या महिन्यात मेलेली माणसं मोकळी सुटतात, म्हणून शहाणा माणूस पाण्यावर जात नाही. लियान म्हणाली, "उलट बरं झालं. तोही मोकळाच असेल. बोट सुटायच्या आत आला तर त्याची फेरी होईल. नाही आला तर गेला चुलीत."

तोंडाने चुलीत म्हणाली खरी, पण ताईपिंगहून येताना त्याची जुनी टोपी पिशवीत घालून आणली होती.

सोबत नणंद होती, किम. ही बाई स्वतःच्या सावलीला वाट देऊन चालणारी.

कागदी सामानाच्या दुकानात लियानने कागदाची पेटी घेतली, कागदाचे बूट घेतले, आणि सोनेरी वर्खाचं बोटीचं तिकीट. वर गेलेल्यांसाठी हल्ली सगळं कागदाचं मिळतं, जाळलं की त्यांना पोचतं. दुकानदाराने कुंचला शाईत बुडवला.

"नाव काय घालू?"

"नाव कशाला? माझं सामान त्याला ओळखू येत नाही होय?"

"वहिनी," किम कुजबुजली, "नाव घालावंच लागतं. हाकही नावानेच मारायची. नाहीतर कुणीही उचलतं."

"एवढा संसार केला, त्यात मी कधी त्याचं नाव घेतलं नाही. म्हाताऱ्या म्हटलं की येत होता. आताही येईल. मेल्यावर काय शेफारला असेल?"

रस्त्याच्या कडेला, संत्री आणि उदबत्त्यांच्या ओळीशेजारी, पत्र्याच्या पिंपात तिने सगळं पेटवलं. "म्हाताऱ्या, ही तुझी पेटी, हे तिकीट. खिडकीकडचा पलंग तुझा. उशीर करू नकोस, सांगून ठेवते."

राख उठली आणि सरळ समुद्राकडे गेली. वारा तर पडलेला होता.

"ताईपिंग त्या बाजूला नाही वहिनी."

"त्याला रस्ता कधी कळला होता?"

मग जेवायला बसल्या. लियानने लक्साचे, म्हणजे आंबट माशाच्या रश्शातल्या शेवयांचे, तीन वाडगे मागवले आणि तिसरा रिकाम्या स्टुलासमोर सरकवला. वाफ वर जायच्या ऐवजी स्टुलाकडे वाकली. थोड्या वेळाने किमने भीतभीत त्यातला एक चमचा चाखला.

"पाणी लागतंय नुसतं. चवच गेली सगळी."

"म्हणजे जेवला." लियानचा चेहरा उजळला. तिने पटकन तो बाहीने पुसला, घाम आल्यासारखा.

"पण वहिनी, मिरचीची बशी पण रिकामी आहे. दादाला तिखट कुठे चालायचं? एक मिरची खाल्ली की दोन दिवस संडासात मुक्काम."

"आता पोट राहिलंय कुठे बिघडायला? खाऊ दे की."

दिवसभर लियान त्याच्याशी भांडत हिंडली. दुकानांपुढच्या ओवरीतून चालताना मागे पावलं वाजायची, चप्पक, चप्पक. ती वळून न बघता म्हणायची, "पाय उचलून चाल." बाजूने जाणारी माणसं किमकडे दयेने बघायची. किम मात्र फरशीकडे बघत होती. लख्ख ऊन, आणि फरशीवर ओले पाय उमटत होते. अनवाणी.

बंदराजवळ मांडव घालून नाटक लावलं होतं. पहिल्या रांगेतल्या लाल खुर्च्या नेहमीसारख्या रिकाम्या, त्या मेलेल्यांच्या. जिवंत माणूस तिथे बसत नाही. लियानने मागून बोट दाखवलं. "बघ, आज पुढची जागा. जिवंत होता तेव्हा कुंपणावरून फुकट बघायचा."

त्या खुर्चीखाली पाणी ठिबकत होतं. थेंब थेंब, जमीन काळी होत चाललेली.

"वहिनी… दादा तर खाटेवर मेला. कोरडा."

लियानने नाक वर केलं. मासळीवालीचं नाक ते, पाणी किती शिळं हे तिला बाजाराच्या टोकावरून कळायचं. हे पाणी फार शिळं होतं. तिच्या जन्माच्या आधीचं असावं. मग तिने स्वतःचा तळहात हुंगला.

"माझ्याच हाताचा वास. चल, बोट चुकेल."

बोटीच्या शिडीपाशी एक पोरगेला माणूस सगळ्यांचे फोटो काढत होता. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला आणि हाताने खूण केली.

"मागचे आजोबा, जरा जवळ या. तुमचं डोकं कापलं जातंय."

किमने लियानचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. लियान मात्र गालात हसली. "आला म्हातारा वेळेवर. आयुष्यात पहिल्यांदा."

खोलीत तिने हाक सेंगची टोपी खिडकीकडच्या पलंगावर ठेवली आणि स्वतः दुसऱ्यावर आडवी झाली. किम दाराजवळच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. भोंगा झाला. बंदर हळूहळू मागे सरकू लागलं, दिवे लागू लागले होते.

तेवढ्यात खिडकीकडून घोरणं सुरू झालं.

लियानने डोळे मिटले. किती रात्री या आवाजाला शिव्या घातल्या होत्या, आणि किती रात्री त्याच्यावाचून झोप आली नव्हती. "घोर बाबा," ती हळूच म्हणाली. "आज काही बोलत नाही."

"वहिनी…" किमचा आवाज खुर्चीतून जेमतेम आला. "दादाच्या घोरण्याला शेवटी शिट्टी होती ना? किटलीसारखी?"

लियान ऐकत राहिली. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. शेवटी शिट्टी नव्हती. शेवटी गुळगुळ होती, नळात पाणी अडकावं तशी.

ती उठून बसली. तिचे ओठ हलले, पण शब्दाची सवय नव्हती. दोनदा घसा साफ करावा लागला.

"हाक सेंग…?"

घोरणं थांबलं.

आणि बाहेरून, मागे पडत चाललेल्या धक्क्यावरून, पाण्यावरून, बारीक शिट्टी आली. किटलीसारखी. पुन्हा आली, अजून बारीक. नाव ऐकून धावत आलेला माणूस धापा टाकतो तशी.

लियान ताडकन उठली आणि खिडकीकडच्या पलंगापाशी गेली. "ए, कोण असशील तो. ऊठ. ही माझ्या नवऱ्याची जागा आहे."

पलंगावर कोणी दिसत नव्हतं. टोपी ओलीचिंब झाली होती.

मग गादी करकरली, आणि कुणीतरी समंजसपणे भिंतीकडे सरकून तिच्यासाठी जागा केली.