भवानीचा बोंबील

चामटोलीहून बारवीकडच्या वाड्यांवर जायला दोन वाटा होत्या. एक नदीकाठानं, वाळूतून. दुसरी रानातून, सागाच्या खालून. नदीची वाट लांबची, पण मोकळी. रानातली जवळची, पण दुपारी तिथं पाखरूही बोलायचं नाही. वैशाखात मी सुकी मासळी घेऊन निघायची. पावसाळ्याची बेगमी म्हणून वाडीवरची माणसं सुकट, बोंबील, वाकट्या घ्यायची आणि बदल्यात भात द्यायची, नाचणी द्यायची, कधी मोहाची फुलंसुद्धा. मासळी विकणाऱ्या प्रत्येक घराच्या वाड्या ठरलेल्या असत. माझ्या सासूच्या वाड्या तिच्यामागे मला आल्या.

आणि मला त्या वासाची भारी किळस! टोपली डोक्यावर घेतली की घामाबरोबर तो खारट, कुबट वास मानेवरून कमरेपर्यंत उतरायचा. घरी येऊन राखेनं हात घासले तरी जेवताना बोटं नाकाशी यायची आणि घास फिरायचा. माझा धाकटा दीर जनू चिडवायचा, "कमळा वयनी, आगऱ्याची पोर नि मासळीला नाक मुरडतेस?" मी म्हणायची, नाक माझं आहे, मुरडीन नाहीतर कापून ठेवीन.

सत्याऐंशी साली जनूची बायको चिमी पहिलटकरीण होती. तिसरा महिना चालू होता आणि ओकारी म्हणजे किती! घोटभर पाणी प्यायली तरी उलटून पडायचं. गाल बसले, डोळे खोल गेले. डॉक्टरच्या गोळ्याही पोटात टिकेनात. हिचं मूल राहतं की जातं, या घोरानं आमच्या घरात कुणाला झोप नव्हती. वरच्या वाडीतली नवसी ओकारीवर रानातली मुळी द्यायची. म्हणून त्या खेपेला मी चिमीला बरोबर घेतलं, आणि तिला लांब चालवणार नाही म्हणून रानातली वाट धरली. ती पुढे, मी मागे. टोपलीचा वास तिच्यापर्यंत जाऊ नये म्हणून चांगलं अंतर ठेवून.

वाटेत एक ओढा लागतो. वैशाखात तो आटतो, उंबराखाली तेवढं एक डबकं राहतं. त्या दिवशी डबक्यावर हिरवी साय धरली होती, कडेला मेलेल्या खेकड्यांवर माश्या घोंगावत होत्या. आणि त्या पाण्यात पाय सोडून एक म्हातारी बसली होती. तिच्या अंगाला वास येत होता. मासळीचा नव्हे... भाताच्या ओल्या पोत्यात उंदीर मेला की येतो, तसा.

"काय हाय टोपलीत?" तिनं विचारलं.

"सुकी मासळी. वाडीवर चाललीय."

"मना दे."

सकाळपासून काही विकलं नव्हतं. भवानीचं गिऱ्हाईक परतवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नेम. मी नाक दाबून टोपली उतरवली. म्हातारीनं चांगले कडक बोंबील बाजूला सारले आणि तळाशी हात घातला. तिथं एक बोंबील ओल लागून मऊ पडला होता. त्याच्यात पांढरे किडे वळवळत होते.

"अगो, तो टाकायचा हाय..."

तिनं तो तोंडात घातलासुद्धा. दात नव्हते, हिरड्यांनीच चघळत होती. एक किडा ओठाच्या कडेनं बाहेर आला, तो तिनं जिभेनं आत ओढला. मी तोंड फिरवलं. पलीकडे चिमी झाडाला धरून ओकायला लागली. पोटात काही नव्हतंच, नुसते कोरडे उमाळे येत होते.

म्हातारी चघळायची थांबली. मान वाकडी करून ती ते ऐकत राहिली.

"भात नाय माज्यापाशी," ती म्हणाली. "बदल्यात काय देऊ?"

"काय नको. जा तू."

"फुकट नाय खात मी."

चिमी तोंड पुसत वळली. पोर जिवाला कंटाळली होती. "मावशे," ती म्हणाली, "माजी ओकारी घेऊन जा. बाकी काय नको आमाला."

म्हातारी उठली. मी मध्ये पडायच्या आत तिनं ती बुळबुळीत बोटं चिमीच्या तोंडात घातली. घशात अडकलेला काटा काढतात तशी पार आतपर्यंत. मी किंचाळले. तिनं मूठ बंद करून हात बाहेर काढला, स्वतःच्या तोंडाशी नेला आणि काहीतरी गिळलं. मग ओढ्याच्या वरच्या अंगाला, दगडांत निघून गेली. थोड्या वेळानं तिकडून ओकण्याचा आवाज आला. लागोपाठ, थांबेचना. आवाज चिमीचा होता... आणि चिमी माझ्या शेजारी उभी होती.

"वयनी, भूक लागली गो," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मला रडूच आलं, इतका आनंद झाला. तिनं टोपलीत हात घातला, एक बोंबील काढला आणि कच्चाच खाल्ला. तो तिनं तळातून काढला होता, हे मी पाहिलं आणि माझं रडू थांबलं.

वाडीवर नवसीनं सगळं ऐकून घेतलं. "वढ्यावर कोन ऱ्हात नाय बाय," ती म्हणाली. "आमी मासळी घेऊन त्या वाटेनं येतच नाय." मग खुडूक कोंबडीच्या पाटीतलं एक नासलेलं अंडं आणून तिनं चिमीच्या नाकाखाली फोडलं. आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून पळालो. चिमी वाकली, त्यात बोट बुडवलं आणि चाटलं. नवसीनं झटकन हात मागे घेतला.

"ओकारी थांबवायची मुळी हाय माज्यापाशी," ती मला हळूच म्हणाली. "परत आनायची नाय. किळस हाय म्हनून मानसाला कळतं, काय खायाचं नि काय नाय. हिला संबाळ. पोराला जास्ती..."

चिमी भरली, गोरी झाली, पोट दिसू लागलं. घर खूश, जनू तर हवेत. सगळे म्हणायचे, डोहाळे आहेत, खाऊ दे. मोरीतली शितं वेचून खाताना तिला मीच पाहिलं होतं. दुधात पाल पडली तेव्हा भांडं ओतायला गेले, तर भांडं रिकामं. पालही नव्हती. माझं जेवण निम्म्यावर आलं. सौदा मोडावा म्हणून चांगल्या बोंबलांची पिशवी घेऊन मी ओढ्यावर परत परत जात होते. म्हातारी कधी दिसली नाही. वरच्या दगडांतून ओकारी तेवढी ऐकू यायची, चिमीच्याच आवाजात.

कार्तिकात चिमीला मुलगी झाली. घरीच सुटली, सुखरूप. सुईण कौसाबाईनं परसात खड्डा केला, बाळामागून पडलेली वार हळदकुंकू वाहून पुरली आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर जुना पाटा ठेवला.

सकाळी पाहिलं तर खड्डा उघडा. आत नुसती पिवळी माती. कौसाबाई म्हणाली, कुत्रं असेल. पण पाटा भिंतीला नीट टेकवून ठेवलेला होता.

मी पेज घेऊन चिमीकडे गेले.

"नको गो वयनी," ती म्हणाली. "पोट भरलंय."

तिच्या ओठाच्या कडेला हळद होती. बाळंतिणीला हळद लावतातच, असं मी स्वतःला सांगितलं. तिनं पोरीच्या टाळूला नाक लावून लांब श्वास घेतला, डोळे मिटले.

"वयनी... हिचा पन तसाच वास येतोय."

मग तिनं पोरीची बोटं ओठांत धरली. सगळ्याच आया धरतात. पण मी पेज तिथंच टाकली आणि पोरीला ओढून घेतलं. ओठ सुटायला वेळ लागला.

पोरीचं नाव गोदू. आता मोठी झाली, शाळेत जाते. पहिल्या दिवसापासून माझ्या कुशीत झोपते. लोक म्हणतात, कमळाबाईनं जावेचं पोर आईपासून तोडलं. म्हणोत! चिमीची काही तक्रार नाही. ती कुणावर रागावतही नाही. पहाटे घर झोपेत असताना तेवढी आमच्या दाराशी येते आणि बाहेर जमिनीवर पालथी पडून दाराखालच्या फटीला नाक लावते. आतून मला तिचा श्वास ऐकू येतो, लांब लांब ओढलेला. आणि थोड्या वेळानं आवंढा गिळल्याचा आवाज येतो.