गाठी अजून जवळ आणल्या तर?

आष्ट्याच्या अलीकडे एसटी बंद पडली. क्रांती लॅपटॉप सावरत उसाच्या बांधावर येऊन बसली. विहिरीवरची मोटर सुरू करायला आलेला मानसिंग तिला बघून थबकला.

"इथं बसून काय करताय?"

"दोन प्रोटॉन जवळ आले की काय होतं, ते बघतेय."

तो हसला नाही. "कसं?"

"सगळी जागा एक जाळी मानायची. तिच्या गाठींवर कण मांडायचे अन् महासंगणकाला गणित करायला लावायचं."

तो पडद्यावरची जाळी बघत राहिला. "पर खरी जागा काय अशी गाठीगाठीची नसती... गाठी अजून जवळ आणल्या तर उत्तर बदलतंय का?"

क्रांतीने मान वर केली. आटपाडीच्या मेंढपाळाची ही लेक सहा वर्षं हेच करत होती. असं तिला घरादारातल्या कुणी विचारलं नव्हतं.

"तुम्ही फिजिक्सचे?"

"बीएस्सी. दादा फौजेत गेला, मग शेती माझ्याकडं आली." त्याची नजर आता पडद्यावर नव्हती. "नंबर द्या की... उत्तर कळवाय."

"उत्तराला वेळ लागतो."

"लागू दे."

आठ महिने लागले. रोज संध्याकाळी ती आकडे सांगायची, तो नवी शंका काढायचा. मग दोघंही फोनवर नुसतीच गप्प — आणि ठेवायचं कुणीच नाही. जाळी बारीक केली तरी उत्तर टिकलं. शोधनिबंध छापून आला. जर्मनीहून दोन वर्षांसाठी बोलावणं आलं.

सांगलीच्या कॉलेजात तिचं व्याख्यान ठेवलं, तेव्हा पहिल्या रांगेत पटका बांधून वडील तात्याबा बसले होते. शेजाऱ्याला सांगत होते, "माजी लेक हाय."

व्याख्यान संपलं, तेव्हा बाहेर पावसाची भुरभुर होती. मानसिंग आपल्या वडलांना, निवृत्त सुभेदार हंबीररावांना, घेऊन पुढं आला.

"आबा, हीच क्रांती. मला हिच्याशी लग्न करायचंय." तो अडखळला. "म्हंजे... तिला अजून इचारलं न्हाई."

"मग इचार की," ती म्हणाली. "पर मी जर्मनीला जाणार हाय. लग्न झालं तरी."

"जा. मी गावभर सांगत फिरीन."

"मग माझं व्हय हाय."

हंबीररावांच्या भावकीत धनगराची सून अजून आली नव्हती. त्यांनी टोपी नीट केली, तात्याबांपुढं गेले आणि हात जोडले.

"पावणं, लेक आमच्या घरात द्याल का?"

तात्याबा ताठ उभे राहिले. "पर ती म्होरं बी हेच काम करणार बगा."

"म्हणून तर मागतोय," हंबीरराव म्हणाले.