कठड्यावरचं लाल फडकं

दार उघडलं तर समोर एक माणूस. त्याच्या हातात चिमटा, आणि चिमट्यात काहीतरी सोनेरी, पापुद्र्याएवढं.

"हे तुमचं का?" त्यानं विचारलं.

मी चष्मा सारखा केला. भाजलेल्या कॉफीच्या दाण्याचं फोलपट होतं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण तसलीच फोलपटं माझ्या केसांत होती, बाहीवर होती आणि एक बहुधा भुवईवरही.

"एकच परत करायला आलात?" मी म्हटलं. "बाकीची कुठेत?"

"बाकीची चिकटलीत."

"कशाला?"

"खाली या. दाखवतो."

मी एका कंपनीत हिशोब तपासते. ही खोड संध्याकाळी ऑफिसात ठेवून येता येत नाही. माणूस भेटला की मनात दोन बाजू मांडल्या जातात. जिना उतरता उतरता त्याच्याही मांडल्या. जमेला — राग आलेला आहे पण आवाज चढलेला नाही. नखांत तांबडा रंग, म्हणजे हातानं काम करणारा. नावे — रविवारी सकाळी तक्रार. शर्टाचं बटण भलत्याच काजात. मनगटं चांगली होती, पण ती कुठल्या बाजूला लिहायची ते तेव्हा ठरेना.

त्याच्या गॅलरीत तारेला एक व्हायोलिन टांगलं होतं. तारा नाहीत, नुसतं अंग, ताज्या वार्निशनं मधासारखं चमकणारं. आणि त्यावर माझी सकाळची सगळी मेहनत.

मी वरच्या गॅलरीत कॉफी भाजते. शेगडीवर लोखंडी कढई, त्यात हिरवट दाणे, आणि लाकडी उलथन्यानं सारखं हलवत राहायचं. आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाजल्या पावाचा, मग दाणे तडतडतात आणि साल सोडतात. तेव्हा कढई चाळणीत उपडी करायची आणि दाणे पाखडायचे. फोलपटं वाऱ्यावर जातात. कुठे जातात याची चौकशी मी आजवर केली नव्हती.

"ओलं होतं?" मी हळूच विचारलं.

"पहिला थर. उन्हातच वाळवावा लागतो." तो वाकून चिमट्यानं एकेक फोलपट उचलत होता, डोळ्यातलं कुसळ काढावं तसं. "हे मानेजवळचं मात्र आता ओढलं तर वार्निश घेऊन येईल. वाळल्यावर घासून काढीन."

"तुम्हीच केलंय हे?"

"आजवर लोकांची दुरुस्त केली. हे पहिलं माझं."

मला खरंच वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी सौदा करते.

तह झाला. वार्निश ओलं असेल त्या दिवशी त्यानं कठड्यावर लाल फडकं टाकायचं. फडकं दिसलं की वरची भट्टी बंद.

"मग मी भाजायचं कुठे? आई घरात धूर करू देत नाही."

"माझ्या स्वयंपाकघरात पंखा आहे... धूर ओढणारा. मागच्या गल्लीत सोडतो." एवढं बोलून तो आपल्याच वाक्याकडे बघत राहिला. "म्हणजे — यायचं असेल तर."

पुढच्या रविवारी लाल फडकं होतं. मी कढई घेऊन खाली गेले. त्याच्या पुढच्याही रविवारी होतं.

त्याच्या ओट्यावर एका बाजूला सरस, कानशी, रंगाच्या बाटल्या. दुसऱ्या बाजूला माझी कढई. मी हलवायची, तो कान लावायचा.

"आता," तो म्हणायचा, आणि खरंच पुढच्या क्षणी पहिला दाणा तडतडायचा. मला ते नाकानं कळायचं, त्याला कानानं.

"उतरवू?" त्यानं विचारलं.

"थांबा. घाई केली की आतून कच्चं राहतं."

"सगळ्याच बाबतीत?"

"मी कॉफीबद्दल बोलतेय."

"मी तरी कशाबद्दल बोलतोय?"

मी उलथनं जरा जोरात फिरवलं. दोन दाणे उडून त्याच्या पायाशी पडले. त्यानं ते उचलले आणि खिशात टाकले. हे मी पाहिलं. तो समजत होता, मी पाहिलं नाही.

"आता प्यायची?" त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"आज भाजलेली आज पीत नाहीत. दाण्यांतली वाफ जाऊ द्यावी लागते. तशीच केली तर तोंड वेडंवाकडं होईल."

"मग उद्या येऊ?"

तो उद्या आला. परवाही आला, दाणे मुरले का ते विचारायला. तेरवाही. आई दाराआडून म्हणाली, "हा रोज दाण्यांची चौकशी करतोय. बरं नाही का त्यांना?"

"आई, हळू."

"हळूच बोलतेय. त्याला ऐकू जावं एवढंच."

जिन्यातून हसण्याचा आवाज आला.

इकडे आमच्या घरात कॉफीचा डोंगर झाला. मी डबे भरभरून ऑफिसात वाटत होते. आमच्या साहेबांना झोप येईनाशी झाली आणि ते माझ्याच कागदांत चुका शोधू लागले. तरीही रविवारी फडकं दिसलं की मी निघायची. आई विचारायची, "संपली का कॉफी?" मी म्हणायची, "संपत आलीय." आई फडताळाकडे बघायची, मग माझ्याकडे.

एका रविवारी मी पाखडत होते.

"पुढच्या रविवारी शेवटचा हात," तो म्हणाला.

"म्हणजे झालं?"

"झालं. मग ते घेऊन जायचंय. दुसऱ्या गावी एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांना पसंत पडलं तर कामाला ठेवून घेतील. त्यांच्याकडे जागा मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात..."

"अरे वा," मी म्हणाले. माझा आवाज कुणी उसना दिल्यासारखा आला.

हिशोब सोपा होता. वार्निश वाळलं की माणूस गेला.

शेवटच्या हाताच्या दिवशी मी खाली गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवला. दुपारी गॅलरीत उभी राहिले. लाल फडक्याच्या बरोब्बर शेजारी, तारेला, ते व्हायोलिन उन्हात हलत होतं. माझ्या मागे आदल्या आठवड्याच्या फोलपटांची पिशवी होती. मी मूठ भरली आणि हात कठड्याबाहेर धरला.

एवढीशी मूठ. पुन्हा घासणं, पुन्हा थर, पुन्हा ऊन. कितीतरी रविवार होते त्या मुठीत. वारासुद्धा माझ्या बाजूनं होता.

खाली तो आला. व्हायोलिनच्या पाठीवरून, स्पर्श न करता, नुसता तळहात फिरवला आणि एकटाच हसला.

मी मूठ मागे घेतली आणि फोलपटं कुंडीत टाकली. झाडाला चांगली असतात म्हणे.

तो शेवटचा हात वाळला, आणि त्या आठवड्यात त्याच्या दाराला कुलूप लागलं. मी वर, माझ्या हक्काच्या गॅलरीत, कुणाचीही परवानगी न घेता कॉफी भाजली. आईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"हे कोळसे कुणासाठी?"

"जरा जास्त झालं."

"जरा?" आईनं माझ्या केसांतलं फोलपट काढलं.

मग रविवार आला. आभाळ भरलेलं, बारीक भुरभुर सुरू. मी सहज — अगदी सहज — कठड्यावरून वाकले.

लाल फडकं होतं. निथळत होतं.

मी बघत राहिले. वार्निश उन्हात वाळतं. पावसात ते कुणी बाहेर काढत नाही. तारही रिकामीच होती.

मी कढई घेतली, दाणे घेतले. चपला राहिल्या.

दार उघडंच होतं. तो ओट्याशी उभा, बटणं नीट काजांत. टेबलावर व्हायोलिन, आता तारा लावलेलं.

"वार्निश ओलं आहे?" मी विचारलं.

"आहे."

मी सरळ पुढे होऊन त्यावर बोट टेकवलं. कोरडं ठणठणीत.

"खोटं फडकं."

"हो."

"आजचंच?"

तो पंख्याच्या बटणाकडे बघत म्हणाला, "दोन थरांच्या मध्ये वाळायला बरेच दिवस जातात. तेव्हा ओलं काहीच नसतं..."

"आणि फडकं असायचं."

"असायचं."

मी हिशोब तपासणारी. एवढे रविवार नाकासमोरून गेले आणि मला पत्ता नाही. की होता?

"गेला होतास ना?" मी विचारलं. 'तुम्ही' कुठे राहिलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"गेलो होतो. त्यांनी खूप वेळ वाजवून पाहिलं. आवाज आवडला. मग भिंग लावलं." त्यानं व्हायोलिन खिडकीपाशी धरलं. "म्हणाले, हा कचरा काढ आणि कामाला ये."

मी वाकले. मानेच्या मुळाशी, वार्निशच्या खाली, माझं फोलपट होतं. सोनेरी. बुडालेलं.

"हे घासून काढणार होतास तू."

"होतो. मग दुसऱ्या थराच्या वेळी वाटलं, असू दे. मग तिसरा दिला..."

"त्यांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, निघणार नाही. ते म्हणाले, कचरा नाही तर काय आहे हे? मी म्हटलं — वरच्या मजल्यावरची आहे."

मी शेगडी पेटवून कढई ठेवली, दाणे ओतले, हाताला काम म्हणून.

"हाकलून दिलं?"

"नाही. म्हणाले, मग तिथेच बस. दुरुस्तीची वाद्यं पाठवत जाईन. फक्त त्यांत कॉफी नको."

मी हसले. मग डोळे पुसले, धुराच्या नावावर. धूर अजून झालाच नव्हता. त्यानं माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं आणि हात मात्र परत दिला नाही.

दाणे तडतडू लागले. कुणी हलवलं नाही. पंखा लावायचंही राहून गेलं, आणि धूर गॅलरीतून सरळ वर गेला.

"अगं, काय जळतंय?" वरून आईचा आवाज आला.

"काही नाही, आई."

"ते फडकं पिळून आत घ्या. आणि त्याला सांग, पावसात वार्निश वाळत नाही हे मलाही कळतं."

आम्ही घाईनं कढई उतरवली. दाणे जरा काळसरच झाले होते. तो ओंजळीत घेऊन फुंकर घालू लागला. फोलपटं माझ्या चष्म्यावर बसली.

"आज पिऊ या?" त्यानं विचारलं.

"आज भाजलेली आज पीत नाहीत. किती वेळा सांगायचं?"

"मग थांबू," तो म्हणाला. "मला कुठे जायचंय."