जयमालाला आवतन

बस गो बाय, सांगते. उन्नतीच्या, माज्या नातीच्या हळदीची संध्याकाळ. मी आतल्या खोलीत पानाचा डबा शोधत होते. आमचं घर पाडून त्याच जागेवर हा टॉवर उठला नि आमी वरच्या माळ्यावर आलो. खाली डीजे लागलेला.

मी धवलारीन. गावातली लग्नं माज्या गळ्यानं लागली. हळदीला धवला गायचा, देवांना आनि घरातल्या मेलेल्या मानसांना नावानिशी आवतन द्यायचं, ही आमची रीत. पन केतननं, माज्या मुलानं, हात जोडले. "आई, धवले नको. मुलाकडचे हसतील." पोटच्या पोराला माजी लाज वाटली. फार लागलं गो.

म्हटलं, मेलेले तर हसनार नाय. दार लोटून हलकेच गायले. सासू, सासरा, नवरा... शेवटी जयमाला. माजी पयली लेक. चार वर्सांची असताना खाडीत बुडाली. केतन तवा जन्मलाही नव्हता. तिचं नाव मला काढवतच नव्हतं, म्हनून त्याला कदी सांगितलंच नाय.

गाता गाता खोलीत खाडीच्या चिखलाचा वास आला. येनाऱ्यांना पाय धुवायला मी उंबऱ्यावर तांब्या ठेवला. आपल्या दाराआधी आता गेट हाय, हे ध्यानातच आलं नाय.

बाहेर केतनचा मोबाइल वाजला. गेटवरचा वॉचमन.

"कोण जयमाला?... लहान मुलगी? बरोबर मोठं कोणी नाही?... आमच्याकडची नाही. सोडू नको."

मी धावले. "केतन, ती... आपली हाय."

"आई, केटररची कोणीतरी असेल. टेन्शन नको घेऊ."

लिफ्ट येईस्तोवर बटन दाबत राहिले. खाली वॉचमन एकटाच.

"गेली, आजी. पार भिजलेली. आई इथंच राहते ना, विचारत होती..."

"तू काय म्हनालास?"

"घरातून नको म्हटलंय."

एवढ्या वर्सांनी लेकीला हाक मारली, नि सख्ख्या भावानं तिला परतवली. त्याला तरी काय बोलू? त्याला भैनच ठाऊक नाय.

तवापासून दिवेलागनीला मी गेटवर बसून गाते. वॉचमनच खुर्ची देतो. ती येत नाय.

काल उन्नतीचा पुन्याहून, सासरहून फोन आला. "आजी, इथं रोज संध्याकाळी बेल वाजते. कॅमेऱ्यात एक छोटी मुलगी दिसते. केसांतून पाणी गळत असतं..."

आवतन हिच्याच हळदीचं होतं ना गो. "दार उघडलंस?"

"नाही गं. सासूबाई म्हणतात, ओळख नसेल तर उघडायचं नाही."